सुपातली कादंबरी

"कूलर बंद करावा लागेल," शाल्मली म्हणाली.

मे महिन्यातल्या अमरावतीत असं बोलणाऱ्या माणसाकडे जसं बघावं, तसं नलूताईंनी तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच उठून बटण दाबलं आणि परत खुर्चीवर येऊन बसल्या. निवृत्तीपर्यंत त्यांनी अचलपूरच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवलं होतं. या यंत्राचं आणि दमट हवेचं का पटत नाही, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. घाम मात्र त्यांनाही येत होता.

यंत्र दिसायला शिवणयंत्राएवढंच. पुण्याहून आलेल्या शाल्मली तायडेने ते दोन वर्षं खपून जुळवलं होतं आणि त्याला 'थरवाचक' असं साधं नाव दिलं होतं. एकमेकांना चिकटलेले कागद न सोडवता वाचायचे, एवढंच त्याचं काम. रेडिओलहरी आणि उष्णतेचे किरण यांच्या मधे टेराहर्ट्झ किरणांचा पट्टा येतो. कागद, कापड, वाळलेलं लाकूड यांतून हे किरण आरपार जातात. पाणी मात्र त्यांना गिळून टाकतं. थरवाचक या किरणांचा एक अतिसूक्ष्म ठोका कागदांवर सोडतो. प्रत्येक थरावरून त्याचा थोडा थोडा प्रतिध्वनी परत येतो, वरच्या थराचा आधी, खालच्याचा नंतर. विहिरीत खडा टाकून, 'डुबुक' किती उशिरा आलं त्यावरून खोली ओळखावी, तसा हा हिशोब. आणि शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहत असल्यामुळे पेन्सिलीचं अक्षर हे किरण जास्त जोराने परत फेकतं. पडद्यावर ते लख्ख उजळून दिसतं.

द्वारका खोरगडे यांच्या कागदांसाठी हे यंत्र जणू मापून शिवलं होतं. द्वारकाबाई म्हणजे नलूताईंची आई. वऱ्हाडी बोलीत लिहिलेल्या एकाच कादंबरीने त्यांचं नाव झालं होतं, आणि त्यांच्या कागदांची अकरा खोकी आता या लेखिका संग्रहालयात होती. त्या कायम पेन्सिलीने लिहीत. चुलीजवळ बसून लिहायचं तर ओल्या हाताने शाई फुटते, शिसं फुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. खाडाखोड त्यांना खपत नसे. वाक्य नाही आवडलं की त्यावर कागदाची पट्टी डकवायची आणि पट्टीवर नवं वाक्य लिहायचं. तेही नाही आवडलं, तर आणखी एक पट्टी. काही पानं जाड पापडासारखी झाली होती. त्या पट्ट्यांखाली काय दडलंय ते वाचायचं काम सध्या चालू होतं.

अडचण एकच होती. तुटक्या अक्षरांवरून शब्द ओळखणारा जो प्रोग्रॅम यंत्राला जोडला होता, तो प्रमाण मराठीवर शिकलेला होता. 'माह्या' दिसलं की तो 'माझ्या' करायचा आणि 'डोया' दिसला की 'डोळा'. म्हणून आठवड्यातून दोनदा नलूताई विजेच्या बसने येत आणि यंत्राने सुधारून ठेवलेली आई पुन्हा बिघडवून देत.

"तुझं हे यंत्र फार शहाणं आहे," त्या म्हणायच्या. "आमच्या कॉलेजात तपासणीला साहेब यायचे, थेट त्यांच्यासारखं."

या कामासाठी येताना एका गोष्टीकडे त्या कधी बघत नसत. दाराशीच आईच्या फोटोखाली एक फलक होता: 'कन्येच्या विवाहासाठी लेखिकेने दुसरी कादंबरी नष्ट केली आणि लेखणी कायमची खाली ठेवली.' ही कन्या म्हणजे आपण, हे नलूताईंना पुरतं माहीत होतं. साहित्यसंमेलनात, शोकसभेत, शताब्दीच्या तयारीच्या बैठकीत लोक त्यांची ओळख करून देताना क्षणभर थांबत. त्या थांबण्यात हे वाक्य असे.

आणि ते खोटं नव्हतं. लग्नाची बोलणी त्यांच्या डोळ्यांसमोर झाली होती. म्हणजे स्वयंपाकघराच्या पडद्याआडून. सासरे गावचे माजी सरपंच. पहिल्या कादंबरीतल्या पाणी अडवणाऱ्या सरपंचात अख्ख्या तालुक्याने त्यांनाच ओळखलं होतं. दुसरी कादंबरीही लिहून तयार आहे, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"पोरगी पसंत हाय आमाले," ते म्हणाले होते. "पण द्वारकाबाई, ते दुसरं पुस्तक..."

आणि आई शांतपणे म्हणाली होती, "त्या कादंबरीचं एक पान माह्या घरात राह्यणार नाही. माहा शब्द हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या बंबात कागदाची राख होती. नलूताईंनी ती स्वतः बघितली होती आणि त्याच पाण्याने अंघोळ केली होती.

"ताई, हे बघा," शाल्मली आता म्हणत होती. "ही पट्टी ज्याने चिकटवली आहे ना, तो डिंक नाही. खळही नाही. किरण यातून वेगळ्याच वेगाने जातात. दरवेळी माझं गणित चुकतं. काय असेल?"

तिने पट्टीचा सुटलेला कोपरा काचेत धरला होता. नलूताईंनी चष्मा वर सरकवला आणि नाक जवळ नेलं. इतक्या वर्षांनी वास काय राहणार, पण होता. कडवट, हलका.

"मेथी. भिजवून वाटलेली मेथी. तिला चिकटा सुटतो. आमच्याकडे सूप लिंपतात तिने."

"म्हणजे? शोभेला भिंतीवर टांगतात ते सूप?"

नलूताईंना हसू आलं. हिच्या पिढीचं धान्य निवडून, पाखडून, पाकिटात बंद होऊनच घरी येतं. "अगं, सूप बांबूच्या पट्ट्यांचं. त्यात फटी राहतात, बारीक दाणा गळतो. म्हणून रद्दी कागद भिजवायचा, मेथीबरोबर कुटून त्याचा लगदा करायचा आणि तो सुपाला आतून लिंपायचा. वाळला की खडखडीत."

"मग मेथीचा वेग मोजून घेते," शाल्मली वहीत लिहीत म्हणाली. "आणि प्रोग्रॅमला तुमच्या आईंचा आवाज ऐकवायचाय, उच्चारांसाठी. ती रेडिओची मुलाखत लावू?"

आई गेली त्या वर्षीची मुलाखत होती ती. नलूताईंनी पूर्वी ऐकली होती, एकदाच. खोलीत आईचा आवाज आला, थोडा थकलेला, मिस्कील. निवेदिका विचारत होती, तुमच्या दुसऱ्या कादंबरीचं काय झालं?

"थे? थे अजून सुपातच हाय," आई म्हणाली. "जात्यात नाही गेली." आणि हसली.

या उत्तरावर एका समीक्षकाने मोठा लेख लिहिला होता. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. तेव्हा सुपात असणं म्हणजे निर्मितीपूर्वीची अवस्था, वगैरे. सासऱ्यांनी ती मुलाखत ओसरीत बसून ऐकली होती. ऐकून समाधानाने म्हणाले होते, "मंग सुपातच राहू द्या म्हणा."

नलूताई उभ्या राहिल्या.

"शाल्मली, ते परत लाव."

आई पुन्हा म्हणाली, थे अजून सुपातच हाय.

"माझ्या आईला म्हणी आवडत नव्हत्या," नलूताई म्हणाल्या. "म्हण म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा उष्टा घास, असं म्हणायची. अख्ख्या कादंबरीत एक म्हण नाही. मग इथं कशाला वापरेल?"

शाल्मलीला काही कळेना. नलूताईंना मात्र आता दुसरंच ऐकू येत होतं. लग्नाच्या मांडवात रुखवत मांडलं होतं. त्यात आईने स्वतः लिंपलेल्या सुपांची जोडी होती. मावशीने एक सूप उचललं, बोटाने वाजवलं आणि सगळ्यांदेखत टोमणा मारला: 'द्वारके, कागद कुटले नाही काय व? पानंच्या पानं डकवली. भल्ली आळशी!' बायका हसल्या होत्या. सगळ्यांत जास्त आई हसली होती.

"कादंबरी जाळली नाही तिनं," नलूताई म्हणाल्या. "रुखवतात दिली. माझ्या घरी आहे. निदान अर्धी."

"ताई, बसा जरा. पाणी देऊ?"

"पाणी नको. पाण्यानेच घात होईल. चल."

*

बसमध्ये नलूताई एका जागी बसू शकत नव्हत्या. शाल्मली मांडीवर थरवाचकाची पेटी धरून प्रश्नावर प्रश्न विचारत होती. सूप शेवटचं कधी वापरलं? धुतलं का कधी? कसर लागली असेल का?

"सूप धुवत नसतात. आणि मेथी कडू, कसर लागत नाही." मग एकदम आठवून त्या म्हणाल्या, "दर दिवाळीला आई यायची, मेथीची पुरचुंडी घेऊन. पहिला प्रश्न मला नाही, सुपाला. 'सूप बरं हाय ना व? लिंपत जाय, झिजू नको देऊ.' मी वैतागायचे. म्हणायचे, आई, पोरगी सासरी कशी आहे ते तरी विचार."

"आणि लिंपत होतात?"

"आईनं सांगितलेलं ते एकच काम मी न चुकता केलं." त्या हसल्या.

अचलपूरला घरी पोचून त्यांनी कोठीची खोली उघडली. भिंतीवर खिळा होता. खिळ्यावर सूप नव्हतं.

सून शेजारच्या खोलीतून म्हणाली, "आई, सूप ढोरेबाईंनी नेलं ना. आज बारसं आहे त्यांच्या नातवाचं. बाळाला आधी सुपात घालतात म्हणे, आणि आता सूप आहेच कोणाकडे?"

नलूताई चप्पल न घालताच निघाल्या. गल्लीत फुगे लावलेले होते. ढोऱ्यांच्या हॉलमध्ये बायकांचा गराडा, मधोमध पाट, पाटावर सूप, सुपात दुपट्यावर एक लालबुंद बाळ मुठी आवळून झोपलेलं. त्याला लंगोट नव्हता.

"या या, नलूताई," ढोरेबाई म्हणाल्या. "वेळेवर आल्या. घुगऱ्या घ्या."

"लीलाबाई, बाळाला उचला आधी."

"काऊन? काय झालं?"

"उचला म्हणते ना. त्याच्याखाली माझी आई आहे."

कोणीतरी हळूच म्हणालं, उन्हात आल्या वाटते. पण चौतीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईच्या आवाजात काहीतरी असतंच. ढोरेबाईंनी बाळ उचललं. दुपटं कोरडं होतं. शाल्मलीने सुटकेचा श्वास इतक्या जोराने टाकला की बाळ जागं झालं. मग मांडीवर घेऊनच त्याचं नाव ठेवलं गेलं, आणि नलूताईंनी कानात कुर्रर्र करायला मदत केली. सूप त्यांनी डाव्या हाताने छातीशी धरलेलं होतं.

*

नलूताईंच्या जेवणाच्या टेबलावर थरवाचक मांडला. पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या उघड्या. बाहेरची हवा भट्टीतली असली तरी कोरडी ठणठणीत होती. यंत्राला हवी तशी.

सूप चुलीच्या धुराने आणि हाताने काळपट झालेलं. यंत्राचं डोकं त्यावरून हळूहळू सरकू लागलं. पडद्यावर पहिला थर उमटला, शाईचा, पुसट. नलूताईंनी वाचलं आणि डोक्याला हात लावला.

'ओहमचा नियम: वाहकातून जाणारा विद्युत् दाब हा नेहमी...'

"चुकलाय," त्या म्हणाल्या. "दाब वाहकातून जात नाही. धारा जाते."

"हे कोणी लिहिलंय?"

"बारावी सायन्सचा कोणीतरी दिवटा. दर वर्षी सूप लिंपायला मी जुन्या उत्तरपत्रिका घ्यायचे. कुटत बसायला वेळ कुठला? मीही नुसत्या डकवायचे. आईसारखी."

दुसरा थर, तिसरा थर. भिंगांची नाभीय अंतरं, अर्धवट आकृत्या, समासात दिलेला एक भोपळा. जसजसं खोल जावं तसतसा प्रतिध्वनी क्षीण होत गेला. अकराव्या थरानंतर पडद्यावर नुसती करडी राख राहिली.

शाल्मलीने कपाळ पुसलं. "पुढे नाही जाता येत. तुमच्या उत्तरपत्रिकांनीच सगळे किरण खाल्ले. एकच उपाय आहे, पाण्यात भिजवून थर सोडवायचे. मेथी विरघळेल. पण खालचे कागद किती मजबूत असतील, मला नाही सांगता येत. सुटतीलही. किंवा लगदा होईल."

नलूताईंना बंबातली राख आठवत होती. आता यात काहीच निघालं नाही, तर तो फलक खरा. आणि भिजवून लगदा झाला तर, आईची कादंबरी दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी खरोखरच लेकीच्या हाताने.

त्यांनी सुपाकडे असं बघितलं, जसं प्रयोग फसला की उपकरणाकडे बघतात. कुठून सुरुवात केली? वरून. का? सूप तसंच ठेवतात म्हणून.

"उलटं ठेव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आईचे थर सगळ्यात आधीचे. म्हणजे बांबूला चिकटून. मागून वाचलं तर माझे विद्यार्थी मधे येणारच नाहीत. बांबू पातळ आहे, वाळलेला आहे, आणि त्यात फटी आहेत. फटीतून बघ. मग सूप थोडं तिरकं कर, परत बघ. पट्टीआड लपलेलं दुसऱ्या कोनातून दिसेल."

शाल्मलीने सूप उचललं, पालथं घातलं आणि गणितात मेथीचा नवा वेग भरला.

पहिल्या खेपेला पडद्यावर नुसते उभे-आडवे पट्टे आले. सूप फिरवलं. पुन्हा पट्टे, पण त्यांच्यामधे काहीतरी उजळ, वळणदार. तिसऱ्या कोनातून घेतलेलं चित्र पहिल्या दोन्हींवर बसवलं आणि पट्टे विरत गेले. ग्राफाइट उजळलं. रेषेला टेकून, उजवीकडे किंचित कललेलं अक्षर. नलूताईंना ते वाचण्याआधीच ओळखू आलं. त्यांच्या शाळेच्या प्रत्येक वहीवर याच अक्षरात त्यांचं नाव होतं.

प्रोग्रॅमने शहाणपणा केलाच. त्याने लिहिलं: 'आमच्या गावात विहिरी सात आहेत, पण पाणी एकाच्याच घरचे.'

नलूताईंनी एक शब्द खोडला, तीन सुधारले आणि मोठ्याने वाचलं. "'आमच्या गावात विहिरी सात, पन पानी एकाच्याच घरचं.'"

शाल्मली हसत होती आणि डोळे पुसत होती. "ताई, पानं फाडलेली नाहीत. अखंड आहेत. एकापुढे एक, क्रमाने लावलीत. प्रत्येक थराच्या मधे कोरा कागद आहे, अक्षराला अक्षर घासू नये म्हणून."

"टाकून द्यायची असती तर कुटली असती," नलूताई म्हणाल्या. "सूप लिंपायचं तर कागद कुटतातच. तिनं कुटला नाही." आणि मग त्यांना ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. पडद्याआडून ऐकलेलं, इतकी वर्षं उराशी धरलेलं. त्या कादंबरीचं एक पान माह्या घरात राह्यणार नाही.

"माह्या घरात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग खुर्चीच्या पाठीला टेकून हसायला लागल्या. "अगं, शब्द पाळला तिनं. बंबात जाळली ती नुसती रद्दी. एक पान ठेवलं नाही स्वतःच्या घरात. सगळी कादंबरी माझ्या सासऱ्यांच्या घरात पाठवून दिली. वाजतगाजत, रुखवतातून. तेव्हा सूप ओसरीत असायचं; मामाजींच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेली होती, आणि ते खाली बसून म्हणत होते, सुपातच राहू द्या."

त्या इतक्या हसल्या की सून धावत आली.

मामाजी आईच्या मागून तीन वर्षांनी गेले. ते असेपर्यंत शब्द मोडायचा नव्हता. म्हणून आईने सांगितलं नाही. किंवा सांगितलं होतं, रेडिओवर, सगळ्या विदर्भाला, सरळ शब्दांत. कोणी सरळ ऐकलं नाही.

संध्याकाळपर्यंत सुपातली पानं संपली. शेवटचं पान अर्ध्या वाक्यावर तुटलं: 'सरपंचानं विहिरीवर पाय ठेवला, आन्...'

"पुढे?" शाल्मली म्हणाली.

सुपांची जोडी होती. दुसरं सूप नलूताईंनी पहिल्याच वर्षी धाकट्या नणंदेला वाणात दिलं होतं. पमा आता अंजनगावला असते. वडिलांवर तिचा फार जीव. पहिल्या कादंबरीचं नाव निघालं की आजही ती उठून जाते. नलूताईंनी फोन लावला.

"पमा, माझ्या रुखवतातलं सूप तुझ्याकडे आहे ना?"

"हाय ना. लय जड होतं ते, कधी वापरलंच नाही. हॉलमधी टांगलं हाय, कूलरच्या वर. काऊन?"

"आधी कूलर बंद कर."

"मे महिन्यात? डोकं फिरलं काय वहिनी?"

मग नलूताईंनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. पलीकडे बराच वेळ नुसती कूलरची घरघर होती.

"आमचे बाबा हायेत त्यात?" पमाने शेवटी विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "पहिल्या ओळीपासून आहेत," नलूताई म्हणाल्या.

"मंग मी कायले देऊ? पुन्हा गावानं नावं ठेवावी म्हून?"

"नको देऊ. तुझं सूप आहे. वाणात दिलेलं परत मागत नसतात." नलूताईंनी पडद्याकडे बघितलं. "फक्त एवढंच सांगते. माझ्या सुपात शेवटी तुझे बाबा त्या विहिरीवर पाय ठेवतात. आणि पान संपतं."

"अन् पुढं? पुढं काय करतेत ते?"

"मला कसं माहीत असणार? ते तुझ्या सुपात आहे."

पलीकडे घरघर चालू होती. नलूताई फोन कानाशी धरून बसून राहिल्या, आणि बघता बघता ती घरघर मंद होत गेली, आणि थांबली.